सातबाऱ्यावरची चार नावं

चक्रीवादळ आलं तेव्हा मी घरी नव्हते. रोह्याच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी एका वाडीवरच्या शाळेत मी शिकवते. फोन बंद, रस्त्यावर झाडं आडवी. पाचव्या दिवशी घरी पोचले तेव्हा वडील मागच्या वाडीत पडलेल्या पोफळींखालून धड राहिलेली कौलं वेचून काढत होते आणि आई चुलीवर भात शिजवत होती. चूल जागेवर होती, भिंती बऱ्याचशा जागेवर होत्या, वर आभाळ होतं. आईने मला बघितलं आणि म्हणाली, "आलीस? पाय बघून टाक, खिळे हायत."

आमचं गाव काशीद आणि मुरुडच्या मधे, मोठ्या रस्त्यावरून न दिसणारं. घरामागे नारळी-पोफळीची वाडी आणि घरापुढे थोडी मोकळी जागा सोडली की किनारा. वादळानंतर त्या भिंतींवर पत्रे घातले. तात्पुरते म्हणून घातलेले पत्रे तीन वर्षं राहिले. दुसऱ्या वर्षी वडील गेले. तिसऱ्या वर्षी भाऊ म्हणाला की आता डागडुजी पुरे, नवं घर बांधू. भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. पेणच्या बाजूला कारखान्यात नोकरीला, बायको आणि मुलीसह तिथेच राहतो. आईने फार विचार केला नाही. "बांधा," म्हणाली, "पण मी हाय तवर बांधा."

भावाची पाळीची नोकरी आणि मला मे महिन्याची सुट्टी, त्यामुळे परवानगीचं काम माझ्याकडे आलं. शिवाय मी शिक्षिका. शिक्षिकेला अर्ज लिहिता येतात, रांगेत उभं राहता येतं आणि नम्रपणे बोलता येतं, असं आमच्या घरात धरून चालतात. ते खोटंही नाही.

नकाशा करणारा इंजिनिअर मुरुडचा होता, औषधाच्या दुकानावरच्या माळ्यावर बसायचा. वयाने माझ्याएवढाच, बोलायला मोकळा. त्याने एका कागदावर यादी लिहून दिली. सातबारा, मोजणीचा नकाशा, ग्रामपंचायतीचा दाखला, समुद्राच्या भरतीरेषेपासून घर किती लांब ते दाखवणारा नकाशा, आणि जमिनीवर ज्यांची ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची संमती. मग त्याने सातबारा उलगडून बोटाने नावं वाचली. आईचं, भावाचं, माझं. वडील गेल्यावर वारस म्हणून ती लागली होती. चौथ्या नावावर त्याचं बोट थांबलं.

"ह्या कोण?"

"आत्या. वडिलांची बहीण."

"असतात ना?"

असते की नाही हे मला नक्की सांगता येईना. मी म्हटलं, "चौकशी करते."

आम्हाला एक आत्या आहे हे आम्हा दोघा भावंडांना ठाऊक होतं, पण न गेलेल्या एखाद्या गावाचं नाव ठाऊक असावं तितकंच. लग्नानंतर तीन वर्षांत तिचा नवरा वारला, ती माहेरी परत आली, मग इथूनही गेली आणि खाडीपलीकडे दिघीच्या वर एका निवासी शाळेत मुलांचा स्वयंपाक करायला लागली, एवढं शेजाऱ्यांकडून तुकड्यातुकड्याने कानावर आलं होतं. तिचा फोटो घरात नव्हता. तिचा विषय निघाला की आई काहीतरी आणायला उठून जायची. आजोबा वारल्यावर तलाठ्याने वारसांत तिचंही नाव लावलं होतं, आणि ते तिथेच राहिलं होतं.

मी भावाला फोन केला. त्याने आधीच विचार करून ठेवला होता.

"नुसती संमती नको. हक्कसोडच करून घेऊ. एकदाच काय ते मिटून जाईल. तिला तरी ह्या जमिनीचं काय करायचंय?" मग जरा थांबून म्हणाला, "तुझंही त्यातच करून टाकू. दोनदा वकिलाकडे जायला नको."

मी "बरं" म्हटलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या माहितीतल्या सगळ्या बहिणींनी सही केली होती. सही केली की भाऊ साडी घेतो, माहेरपण राहतं, सगळं सुरळीत चालतं. वकिलाने एकच मसुदा केला. खाली सहीसाठी दोन रेघा होत्या. वरची आत्याची, खालची माझी.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी आगरदांड्याहून लाँचने पलीकडे गेले. दिघीला उतरून रिक्षाने वर गेले आणि शाळा विचारत विचारत तिच्या मागच्या बाजूला पोचले. दोन खोल्या, पुढे सारवलेलं अंगण. अंगणात एक बाई पाटावर बसून कोकमाचे रातांबे फोडत होती. बिया एका पातेल्यात, सालं सुपात. कोपरापर्यंत हात लाल झाले होते. मी कोण ते सांगायला सुरुवात केली तर तिने मान हलवली.

"कळलं. वळणावर दिसलीस तेव्हाच कळलं. दादासारखे पाय आत टाकून चालतेस."

मी म्हटलं, "तुम्ही एकट्याच राहता इथे?"

"आत्याला तुम्ही म्हणायचं असं शिकवतेस काय शाळेत?"

मी शाळेत शिकवते हे मी सांगितलेलं नव्हतं. माझं आश्चर्य तिने चेहऱ्यावरून ओळखलं असावं. "दादा सांगायचा," ती म्हणाली. "दर भाऊबीजेला यायचा. सकाळच्या लाँचने यायचा, चारच्या लाँचने जायचा. गेली दोन वर्षं कोण आलं न्हाय, तेव्हा मी समजले. मग इथल्या एकाला मुरुडला पाठवून विचारून घेतलं."

म्हणजे वडील गेल्याचं तिला आम्ही कळवलं नव्हतं. हे तिने तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. भाऊबीजेच्या दिवशी वडील सुपारीच्या कामाने आगरदांड्याला जातात असं मी लहानपणापासून ऐकत आले होते, आणि सणाच्या दिवशी कोण सुपारी घेतं असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

तिने पाणी घ्यायला सांगितलं, ते मीच माठातून घेतलं. मग मी पिशवीतून कागद काढला.

"माझे हात असे," ती म्हणाली. "तू वाच."

मी वाचायला लागले. वर्गात वाचते तसं, स्पष्ट आणि सावकाश. गट नंबर, चतुःसीमा, पूर्वेला रस्ता, पश्चिमेला समुद्रकिनारा. मग मुख्य मजकूर आला. "सदर मिळकतीतील माझा अविभक्त हक्क, हिस्सा व हितसंबंध मी कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने, कायमचा सोडून देत आहे. यापुढे सदर मिळकतीशी माझा कोणत्याही प्रकारचा संबंध राहिलेला नाही."

तिने हातातला रातांबा खाली ठेवला.

"शेवटचं परत वाच."

मी परत वाचलं.

"खाली कुणाकुणाची सही?"

"तुझी आणि माझी."

"तुझी पण?" तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तू केलीस?"

"अजून नाही. दोघींची एकदम करायची होती."

शाळेला सुट्टी होती, त्यामुळे आजूबाजूला आवाज नव्हता. तिने पुन्हा फळं फोडायला घेतली. चार-पाच फोडून झाल्यावर म्हणाली, "घराला माझी ना न्हाय. घर बांधा. त्यासाठी कुठं सही पायजे ते सांग, तिथं येऊन करते. पण हे सोडून देत आहे वगैरे, ते मी करायची न्हाय."

"तुला हिस्सा हवाय का?" मी विचारलं. आता तो प्रश्न आठवला की मला बरं वाटत नाही, पण त्या वेळी मी कामाला गेले होते आणि मला भावाला नेमकं उत्तर द्यायचं होतं.

"हिस्सा घेऊन काय करू? तिथं येऊन राहणार हाय का मी आता? नाव असू दे, एवढंच."

"नुसतं नाव?"

"तुझ्या आईने मला एकदा विचारलं होतं, ह्या घरात तुझं काय हाय म्हणून. तेव्हा मला उत्तर आलं न्हाय. तोंडच उघडलं न्हाय माझं. दुसऱ्या दिवशी पेटी उचलून निघाले." तिने हाताच्या मागच्या बाजूने कपाळ पुसलं, तिथे लाल पट्टा उमटला. "पुढं कितीतरी वर्षांनी दादाने सातबाऱ्याची नक्कल आणून दाखवली. म्हणाला, हे बघ, तुझं नाव हाय. मी म्हटलं, मग हेच सांगायला पायजे होतं तेव्हा. तर ते आता तू पुसायला आलीस."

मी कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. जेवल्याशिवाय तिने सोडलं नाही. भात आणि सोड्यांचं कालवण. निघताना तिने आमसुलांची पिशवी दिली, गेल्या वर्षीची, वाळलेली. ती कुणाला द्यायची ते सांगितलं नाही.

घरी आले तेव्हा आई परसात केळीचे कोंब काढून लावत होती. मी तिथेच उभी राहून सगळं सांगितलं, काही न गाळता. आत्याचे शब्द आले तिथे मी शब्द बदलले नाहीत. आई खड्ड्यात माती लोटत होती, ती लोटायची थांबली.

"असंच सांगितलंन तिने?"

"असंच."

"बरोबर सांगितलंन. मी बोलले तसं." ती कोयतीच्या टोकाने माती उकरत राहिली. "तू सा म्हैन्यांची होतीस. मी विहिरीवरून आले तर तिने तुला न्हाऊ घालून काजळ लावलेलं. गालाला पण तीट. मला राग आला. तिचा नवरा नुकता गेलेला, आणि तिचा हात पोरीला लागला, असं आलं मनात. कुणी शिकवलेलं न्हवतं, आपसूक आलं. मी तुझं तोंड धुवून काढलं तिच्यासमोर, आणि तसं बोलले."

"आणि बाबा?"

"ते घरात न्हवते. संध्याकाळी आले. मग काय बोलणार ते?" आईने माती पायाने दाबली. "भाऊबीजेला जायचे ते मला ठाव होतं. सुपारीला जाणाऱ्या माणसाला मी वीस करंज्या बांधून द्यायची. एक माणूस वीस करंज्या खातो काय?"

म्हणजे भांडण माझ्यावरून झालं होतं. मला ह्याचं बरंच काही वाटायला हवं होतं, पण मी त्या वेळी एवढाच विचार केला की आता भावाला काय सांगायचं. माणसाचं मन कामाच्या मागे असलं की असंच चालतं. बाकीचं नंतर, एकेक करून येतं.

भावाला फोनवर सांगितलं. तो चिडला नाही, नुसता म्हणाला, "ठीक आहे. तिची संमती घेऊ. मग तुझ्या एकटीचं हक्कसोड करून टाकू."

मी म्हटलं, "माझंही राहू दे."

"का?"

"मी ते मोठ्याने वाचलं."

"म्हणजे?"

मनात वाचताना तो नेहमीचा सरकारी मजकूर वाटत होता. एका बाईसमोर आवाज काढून वाचला तेव्हा तो माझ्याबद्दल आहे हे माझ्या कानांना कळलं. हे भावाला फोनवर कसं सांगायचं?

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" त्याने विचारलं.

"तसं नाही."

"मग कसं?"

त्याने फोन ठेवला, आणि महिनाभर त्याचा फोन आला नाही. भावजय तेवढी आठवड्यातून एकदा बोलायची, मोजकं आणि व्यवस्थित, पाहुण्याशी बोलावं तसं.

संमतीपत्र तालुक्याच्या कचेरीत अधिकाऱ्यासमोर करायचं होतं. भाऊ त्याची सही आधीच परस्पर करून गेला होता. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधीचा दिवस ठरला. मी आत्याला निरोप धाडला. त्या दिवशी सकाळी मी निघाले तर आई इस्त्रीची साडी नेसून दारात उभी. तिच्या सहीसाठी तिने यायला हवंच होतं, पण तिने त्यासाठी ठेवणीतली साडी काढली होती.

आत्या आमच्या आधी येऊन कचेरीच्या ओसरीवरच्या बाकावर बसली होती. आई तिच्यापासून एक माणूस बसेल एवढी जागा सोडून बसली. मी मधे बसले नाही, उभीच राहिले.

"वन्सं, बरं हाय ना?" आईने समोर बघत विचारलं.

"बरं हाय. गुडघे धरलेत."

"माझे पण."

आतून नाव पुकारलं. अधिकारी तरुण होता, त्याने आत्याला कागद वाचून दाखवला आणि नियमाप्रमाणे विचारलं, "कुणाच्या दबावाखाली तर नाही ना देत संमती? राजीखुशीने देताय?"

"व्हय," आत्या म्हणाली. "घर बांधायला राजीखुशीने. नाव काढायला न्हाय."

"ह्यात नाव काढायचं काही नाहीच, आजी."

"न्हाय ना? मग बरं."

तिने वळणदार अक्षरात सही केली. मी अंगठ्याची अपेक्षा धरली होती. मुलांच्या जेवणाचं रजिस्टर ती पंचवीस वर्षं लिहीत होती, हे तिने मला नंतर सांगितलं.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "वन्सं, तेव्हा मी जे बोलले..."

"वहिनी, लोक हायत इथं," आत्या म्हणाली. "मागनं बोलू."

मला प्रती काढून आणायच्या होत्या. झेरॉक्सच्या दुकानात वीज गेलेली, ती यायला अर्धा तास लागला. परत आले तर दोघी त्याच बाकावर होत्या, मधली जागा भरलेली नव्हती, पण आईच्या बाटलीतलं पाणी आत्या वरून पीत होती. मी नसताना काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही.

त्यानंतर परवानगीचं काम नेहमीच्या चालीने चाललं. पावसाची उघडीप बघून तलाठी आणि इंजिनिअर जागेवर आले. नकाशावरची निळी भरतीरेषा जमिनीवर आणून दाखवली तेव्हा कळलं की इंजिनिअरने काढलेलं घर जरा जास्तच पुढे आलंय. ते रस्त्याच्या बाजूला सरकवावं लागलं. त्यात भावाने गाडीसाठी ठेवलेली जागा गेली आणि दोन माड तोडावे लागणार असं झालं. नव्या नकाशावर सगळ्यांच्या सह्या पुन्हा हव्या होत्या. आत्याची मी एका रविवारी पलीकडे जाऊन आणली, भाऊ त्यासाठी रजा काढून आला. तो वाडीत एकटाच फिरला, कुठला माड जाणार ते बघितलं, मग ओट्यावर बसून सही केली. माझ्याकडे कागद सरकवताना म्हणाला, "इथे कर. ही नुसती नकाशाची आहे." त्यात टोमणा होता की समजूत, मला ओळखता आलं नाही. मी सही केली.

दसऱ्याच्या आसपास परवानगी आली. दोन पानं आणि शिक्का मारलेला नकाशा. वर अर्जदार म्हणून चार नावं, सातबाऱ्यावर होती त्याच क्रमाने. भावाने ती आईला वाचून दाखवली. आईने विचारलं, "चारी हायत?" तो म्हणाला, "चारी." मग तिने ती पानं देवापुढे ठेवली.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर घर उभं राहिलं. घर साधं आहे. खाली तीन खोल्या, वर एक. वास्तुशांतीला आत्या आदल्या दिवशी आली, एक कापडी पिशवी घेऊन. भाऊ तिला पहिल्यांदाच भेटत होता. तो वाकला तेव्हा तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि लगेच तांदूळ किती टाकणार ते विचारलं. आईने सांगितलं. आत्या म्हणाली, "कमी पडेल." आई म्हणाली, "पुरेल." दोघींनी त्यावर बराच वेळ घातला, शेवटी आत्याच्या अंदाजाने तांदूळ निवडायला घेतले, आणि दुसऱ्या दिवशी भात उरला. उरलेला भात आईने आत्याच्या समोरच परातीत पसरला.

आत्याने इथे राहावं असं आम्ही म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "माझं तिकडं सगळं हाय." तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरली. भाऊ म्हणाला की मी सोडतो. त्याने तिला मोटरसायकलवर मागे बसवलं, तिची पिशवी पुढे टाकीवर ठेवली आणि हळू चालवत आगरदांड्याला घेऊन गेला. त्याला परत यायला दुपार झाली. इतका वेळ का लागला असं भावजयीने विचारलं.

"लाँच सुटेपर्यंत थांबलो," तो म्हणाला, आणि हात धुवून जेवायला बसला.